माहानच्या घुमटाला दख्खनचा पैसा

गेल्या अंकात एका ताईंनी विचारलं होतं, बेळगावचा कुंदा (दूध आटवून केलेली मिठाई) किती दिवस टिकतो. उत्तर देताना मी सहज लिहून गेलो की माझा कुंदा बेळगावहून इराणच्या केरमान प्रांतापर्यंत गेला, नऊ दिवस टिकला आणि दख्खनच्या पैशानं बांधलेल्या एका घुमटाच्या सावलीत संपला. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की कुंदा बाजूलाच राहिला. म्हणून या वेळचं सदर सगळं केरमानचं.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, करतात तिथं), लाकूड तासण्यात हयात गेली. १९९६ साली आमच्याकडं ओतलेली पंपांची केसिंगं केरमान प्रांतातल्या सरचश्मेच्या तांब्याच्या खाणीत बसवायची होती. ‘बसतात की नाही बघून ये’ म्हणून मालकांनी मला धाडलं. तीन महिन्यांचं काम चौदा महिने चाललं. तिथं सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारी करायचं काय, म्हणून आमच्या जीपच्या ड्रायव्हरबरोबर हिंडलो. माझी सगळी विद्वत्ता या शुक्रवारांची, आणि परत आल्यावर वाचलं त्याची.

‘दख्खनच्या पैशानं बांधलेला घुमट’ असं आपण लिहिलंत. इराणात घुमट बांधायला आपल्याकडून पैसा कसा गेला? हे खरं की ऐकीव?
(एक शिक्षिका, खानापूर)

बाई, खरं आहे. आणि हे मला तिथं उभा असताना ठाऊक नव्हतं, याची लाज अजून जात नाही.

केरमान शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर माहान नावाचं गाव आहे. गाव म्हणजे उघड्या-बोडक्या डोंगरांच्या पायथ्याशी झाडांचा एक हिरवा पुंजका. त्यात शाह नेमतुल्ला वली या सूफी संताचा दर्गा. शंभरीच्या आसपास पोचून ते १४३१ साली गेले. मोठे कवी आणि त्यांचा शिष्यपरिवारही मोठा. इतका मोठा की आपल्या बहमनी सुलतान अहमदशाहानं त्यांना दख्खनला येण्याचं निमंत्रण धाडलं. हा तोच अहमदशाह, ज्यानं राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलवली. संत स्वतः आले नाहीत, त्यांनी नातवाला पाठवलं. ते वारल्यावर मुलगा खलीलुल्लाही बिदरला आला. आणि अहमदशाहानं माहानला त्यांच्या कबरीवर घुमट उभारायला पैसा पाठवला. काम १४३६ सालचं. अहमदशाहही त्याच साली वारला.

पैसा कुठल्या वाटेनं गेला असेल? वाट नवी नव्हती. होर्मुझच्या बाजूनं घोडे दाभोळ-चौलला उतरायचे आणि घाट चढून वर यायचे. घोड्यांबरोबर माणसंही यायची. महमूद गावान असाच गिलानहून दाभोळला उतरला आणि पुढं बहमनींचा वजीर झाला. १४७२-७३ च्या सुमारास आपला बेळगावचा किल्ला घेतला तो त्यानंच. म्हणजे इराण आणि बेळगाव यांच्यामध्ये फार तर एक समुद्र आणि एक घाट.

आता माझी फजिती. माहानला दर्ग्याच्या चौकात चिनार आणि सरूची झाडं, मधे पाण्याचा हौद. निळ्या घुमटाकडं मी कारागिराच्या नजरेनं बघत होतो. त्याच्यावर पांढऱ्या रेघांनी ताऱ्यांची जाळी काढलीय. खाली तारे मोठे आणि वर शेंड्याकडं जाताना लहान होत जाणारे. घुमटाचा घेर कमी होत जातो तशी नक्षी आटत जाते, पण तुटत नाही. गोल अंगावर सरळ रेघांची नक्षी बसवणं काय असतं, हे पॅटर्न करणाऱ्यालाच विचारा. रेघ कागदावर जुळते, गोलावर ठेवली की दगा देते. आज दिसतो त्या परिसरात पुढच्या काळाची भर बरीच आहे. सफवी शाह अब्बासाच्या वेळी डागडुजी आणि वाढ झाली, दोन उंच मिनार तर इराणच्या काजार राजांच्या काळातले. पण मूळ गाभा बहमनी पैशाचा.

तिथला म्हातारा रखवालदार जवळ आला. ‘हिंद?’ मी मान डोलावली. मग म्हणाला, ‘दकन?’ मला वाटलं हा डोक्यात काही भलतंच घेऊन बसलाय. बेळगाव याला कुठून कळणार, म्हणून सोपं करून म्हटलं, ‘बम्बई.’ त्यानं पुन्हा विचारलं, ‘दकन?’ मी पुन्हा ठासून ‘बम्बई.’ बिचारा हसला आणि गप्प झाला. मी त्याला कुंदा दिला, त्यानं चहा दिला. संतानं चाळीस दिवस एकांत केला ती इवलीशी खोली त्यानं उघडून दाखवली. तिच्या भिंती आणि छत तांबड्या-काळ्या अक्षरांनी नुसते भरलेत. चहाबरोबर कुंद्याचा डबा रिकामा झाला.

बारा वर्षांनी भाचीच्या लग्नाला बिदरला गेलो. वेळ होता म्हणून अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी बघायला गेलो. अहमदशाहाच्या कबरीत आतून सोनेरी, निळ्या, तांबड्या रंगांचं काम आणि अक्षरंच अक्षरं. तिथल्या एकानं सांगितलं, ही गुरुपरंपरा, आणि हे नाव केरमानच्या शाह नेमतुल्लांचं. वाटेवर खलीलुल्लांची चौखंडी, म्हणजे कबरीची इमारत आहे, काळ्या दगडाच्या कमानींवरची अक्षरं शिराझच्या कातिबानं (सुलेखनकारानं) काढलेली. मी तिथंच पायरीवर बसलो. तो म्हातारा मला अगदी बरोबर प्रश्न विचारत होता आणि मी त्याला दोनदा खोटं सांगून आलो होतो.

अष्टूरची आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्या वाचकांना आवडेल. या अहमदशाहाला ‘वली’ (संत) म्हणून मुसलमान मानतात आणि लिंगायत त्याच्यात अल्लमप्रभूंना बघतात. त्याचा उरूस होळीनंतर हिंदू पंचांगाच्या तिथीनं भरतो आणि मान असतो जंगमाचा.

मग आपल्या किल्ल्यातल्या सफा मशिदीचा असद खान लारी केरमानचाच का?
(एक वाचक, कॅम्प, बेळगाव)

नव्हे. लारी म्हणजे लारचा, आणि लार फार्स प्रांतात, केरमानच्या शेजारी. असद खान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार, बेळगाव त्याची जहागीर. सफा मशीद १५१९ ची सांगतात. आत जाल तेव्हा खांब बघा. त्यातल्या दोघांवर मशिदीपेक्षा तीनशे वर्षं जुने, रट्ट आणि यादव राजांच्या काळातले लेख आहेत. ते खांब आधी कुठल्या तरी देवळात उभे होते.

आपण ओतकामातले म्हणून विचारतो. वाळवंटात लाकूड नाही. मग सेंटरिंग न लावता एवढे घुमट उभे कसे राहतात? मी चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय.
(निपाणीचे एक मिस्त्री)

मिस्त्री, हाच प्रश्न मी ड्रायव्हरला विचारला आणि त्यानं मला जुन्या शहरात एका डागडुजीच्या कामावर नेऊन उभं केलं. तिथल्या जिप्समला ‘गच’ म्हणतात (मला आपली गच्ची आठवली). ते कालवलं की मिनिटांत घट्ट होतं. गवंडी चपटी वीट घेतो, तिला गच फासतो, आधीच्या विटांच्या कडेला तिरकी टेकवतो आणि हात तसाच धरून दहापर्यंत मोजल्यासारखं करतो. वीट धरली. पुढची. एक वर्तुळ पुरं झालं की ते स्वतःचं स्वतः उभं राहतं, मग त्याच्या आत जरा लहान वर्तुळ. खाली फळी नाही, टेकू नाही. आपला चुना हे करू देणार नाही, तो दिवसचे दिवस ओलाच.

दुसरी गोम म्हणजे खोली चौकोनी, घुमट गोल. चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार लहान कमानी टाकतात, की चौकोनाचा अष्टकोन होतो. अष्टकोनावर आणखी बारीक कमानी, सोळा बाजू. सोळा बाजू म्हणजे गोलच की. केरमानची मलिक मशीद अकराव्या शतकातली, सेल्जुक सुलतानांच्या काळची. तिच्यात नुसत्या उघड्या विटांत हे सगळं डोळ्यांसमोर दिसतं, वर रंग नाही की टाइल नाही. जामे मशीद १३५० च्या आसपासची. तिचं दार टाइलांनी असं मढवलंय की माणूस विटा बघायचं विसरतो. लोक जामे मशिदीचे फोटो काढतात. मला विचाराल तर मलिक मशिदीत बसा.

आपल्याकडं याच्या अगदी उलटी रीत. किल्ल्यातल्या कमल बस्तीत (१२०४, रट्टांच्या मंत्र्यानं बांधलेली जैन बस्ती) मान वर करून बघा. दगडाचा एकेक थर आत सरकवत नेऊन मधे कमळ लोंबतं सोडलंय. बस्तीत दगडाच्या वजनाचा खेळ, केरमानला चिकटण्याचा. पुढं हेच घुमटाचं गणित विजापूरला आलं आणि गोल घुमटात एकमेकांत अडकवलेल्या कमानींवर बसलं. ते तुम्ही पाहिलं असेलच.

जाता जाता, केरमानच्या पूर्वेला डोंगराच्या कडेला ‘गुंबद-ए-जबलिये’ आहे, अष्टकोनी आणि चक्क दगडी. विटांच्या मुलखात दगडाचा घुमट का, तो कुणाचा, इस्लामच्या आधीचा की नंतरचा, यावर तिथल्या जाणकारांचं एकमत नाही. गावकरी सांगतात, त्याचा चुना उंटिणीच्या दुधात कालवला होता. आपल्याकडं प्रत्येक जुन्या वाड्याच्या चुन्यात गूळ आणि उडीद असतात, तसंच हे.

टीव्हीवर माहानची बाग बघितली. पायऱ्या-पायऱ्यांनी पाणी खळाळतंय. आमच्या गल्लीत तर राकसकोप धरणाचं पाणी आठवड्यानं येतं. वाळवंटात इतकं पाणी येतं कुठून?
(वडगावच्या एक गृहिणी)

वहिनी, तुमच्या पत्रातला टोमणा पोचला, पण त्याचं उत्तर माझ्या हाती नाही. बागेचं सांगतो.

तिला शाहजादे बाग म्हणतात. एकोणिसाव्या शतकात काजार सुभेदारांनी केली. लांबी चारशे मीटरच्या वर, रुंदी सव्वाशेला थोडी कमी, आणि चहूबाजूंनी उंच भिंत. भिंतीबाहेर करडी खडी आणि आत डाळिंब, सरू, गुलाब. दारातून आत पाऊल टाकलं की हवा बदलते, अगदी अंगाला कळते. बाग उतारावर आहे. पाणी वरच्या टोकाला उगवतं आणि टप्प्याटप्प्यानं उड्या मारत दाराशी येतं. पंप एकही नाही. मी पंपवाला, म्हणून मुद्दाम शोधला. २०११ साली युनेस्कोनं इराणी बागांची यादी केली त्यात हिचं नाव आहे. बांधवून घेणारा सुभेदार काम चालू असताना वारला. निरोप आला तेव्हा गवंड्याच्या हातात गिलाव्याचं घमेलं होतं, ते त्यानं भिंतीवर फेकलं आणि कामावरून निघून गेला, अशी गोष्ट सांगतात. दारावरच्या काही टाइलांच्या जागा खरोखर मोकळ्या आहेत.

हे पाणी येतं जूपारच्या डोंगरातून, कनातीनं. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत जिथं पाणी लागतं तिथं खोल विहीर खणतात, तिला ‘आईविहीर’ म्हणतात. तिथून गावापर्यंत जमिनीखालून बोगदा, आणि त्याला इतका हलका उतार की पाणी चालेल पण धावणार नाही. धावलं तर माती खरवडेल, थांबलं तर गाळ धरेल. बोगदा खणताना माती काढायला आणि हवा यायला दर वीस-पन्नास मीटरवर एक उभं भोक. डोंगरावरून बघितलं तर वाळवंटात मुंग्यांच्या वारुळांची सरळ रांग लागल्यासारखी दिसते. सूर्य पाण्याला बघतच नाही, म्हणून ते उडून जात नाही. हे खणणारे ‘मुकन्नी’ पांढरे कपडे घालून उतरायचे. दरड कोसळली तर तेच कफन. ड्रायव्हरचा आजा मुकन्नी होता. पांढऱ्या कपड्यांचं त्यानंच सांगितलं आणि पुढं बराच वेळ तो काही बोलला नाही.

पाण्याची वाटणीही ऐकण्यासारखी. बुडाशी बारीक भोक असलेला तांब्याचा वाडगा पाण्यावर तरंगत ठेवायचा. भरून बुडाला की एक पाळी संपली, पुढच्याच्या शेताला पाणी. आपलं घटिकापात्र हो! आपण त्यावर लग्नाचा मुहूर्त साधला, त्यांनी शेतं भिजवली.

बिदरला नौबादजवळ अशीच कारेज (कनातीचंच दुसरं नाव) आहे, जमिनीवर भोकांची रांग, खाली बोगदा. विजापूरची सुरंग बावडी, औरंगाबादची नहर, बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा, सगळी एकाच कुळातली. अहमदशाहानं पैसा पाठवला त्याच्या बदल्यात दख्खनला काय मिळालं असं कुणी विचारलं, तर मी पहिलं नाव या बोगद्यांचं घेईन.

माझं एक मत बनलंय. केरमानमध्ये धर्मस्थळ आणि निसर्ग असं वेगळं काढून बघता येत नाही. जिथं पाणी वर आलं तिथं झाड, झाडाखाली संत बसला, संतावर घुमट झाला. माहान तसं, जूपारचा इमामजादा (इमामांच्या वंशजाचा दर्गा) तसा. ज्या घुमटाजवळ पाणी वाजत नव्हतं तो मला ओकाबोकाच वाटला.

केरमानच्या लूत वाळवंटात ७० अंश तापमान असतं हे खरं का? मग माणूस जळत नाही का? तिथं निसर्ग म्हणून बघायला आहे तरी काय?
(अकरावीचा विद्यार्थी, चिकोडी)

बाळ, ७०.७ अंश हा आकडा खरा आहे. २००५ साली उपग्रहानं मोजलेला. पण तो जमिनीच्या पृष्ठभागाचा, हवेचा नव्हे. उन्हाळ्यात दुपारी अनवाणी डांबरावर पाय ठेव, हवा ३८ आणि पाय मात्र पोळतो, तोच हा फरक. पुढं अधिक बारकाईनं काढलेल्या आकडेवारीत हाच आकडा ८०.८ पर्यंत गेला. त्या भागात ‘गंदुम-ए-बिरयान’ नावाचं काळ्या लाव्हाचं पठार आहे. नावाचा अर्थ ‘भाजलेले गहू’. सांगतात की कुणी तरी गव्हाची पोती तिथं टाकून गेला आणि परत येऊन बघतो तर गहू भाजून तयार.

मी गेलो ते जानेवारीत, म्हणून तुला हे लिहायला उरलो. केरमान शहर साडेसतराशे मीटर उंचीवर, म्हणजे बेळगावच्या दुपटीहून जास्त. तिथून गाडी डोंगर चढते, सीर्चच्या थंड गावावरून जाते, मग जी उतरत सुटते ती शहदादपर्यंत, सुमारे शंभर किलोमीटर. स्वेटर घालून निघालो आणि शहदादला सदऱ्यावर आलो. तिथं खजुराची झाडं, इमामजादा झैदचा दर्गा. त्याच्या पुढं कलूत.

कलूत म्हणजे काय, हे फाउंड्रीच्या भाषेतच सांगतो. तळाला कधी काळी पाण्यानं आणून टाकलेली गाळाची, चिकणमातीची, मिठाची घट्ट जमीन. तिच्यावर उन्हाळाभर, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, उत्तर-वायव्येकडून एकाच दिशेनं वारा. वाऱ्यात रेतीचे कण. आम्ही कास्टिंग साफ करायला शॉट ब्लास्टिंग करतो, छर्रे मारून वरचा थर खरवडतो. तसं हजारो वर्षं चाललंय. मऊ भाग उडाला, कठीण राहिला. आता एकामागं एक मातीच्या भिंती उभ्या आहेत, उंच, एकमेकींना समांतर, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडं. ही रांग दीडशे किलोमीटरच्या आसपास जाते. संध्याकाळी सावल्या पडल्या की कुणी सोडून गेलेलं शहर वाटतं, बुरूज, मशिदी, गल्ल्या. आमचा ड्रायव्हर म्हणाला, ‘बिनमाणसांचं शहर.’ २०१६ साली लूत जागतिक वारशात गेलं, इराणचा पहिला नैसर्गिक वारसा म्हणून.

शहदादकडून तिथं जाताना वाटेत ‘नबका’ बघ. एक झाऊचं झुडूप वाऱ्यातली वाळू अडवतं, वाळू साठते, झुडूप वर वाढतं, पुन्हा वाळू. वाढता वाढता टेकडी होते, घरापेक्षा उंच, आणि शेंड्यावर तेच झुडूप. गोकाकचा धबधबा बघायला जत्रा जमते. एवढ्याशा झुडपाची ही जिद्द बघायला कुणी थांबत नाही.

पाणीच बघायचं असेल तर रायेनला जा. साडेचार हजार मीटर उंच ‘हजार’ नावाच्या पर्वताच्या पायथ्याशी धबधबा आहे आणि जवळच मातीचा किल्ला. धबधबा वज्रपोह्यासमोर काहीच नाही. पण आठ महिने पाणी न बघितलेल्या माणसाला विचार.

केरमानमध्ये पारशी अजून आहेत का?
(पोस्टकार्ड, गोकाक)

आहेत. थोडे, पण केरमान आणि यझ्द ही त्यांची जुनी ठाणी. केरमानमध्ये त्यांचं अग्निमंदिर आहे. घुमट नाही, मिनार नाही, समोर झाडं आणि आत काचेपलीकडं शांत जळणारा अग्नी. एके काळी त्यांच्यावर जिझिया होता. मुंबईच्या पारशी समाजानं माणेकजी लिमजी हातारियांना १८५४ साली इराणला पाठवलं, त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली आणि १८८२ साली तो कर उठला. म्हणजे मुंबईचीही केरमानशी सोयरीक आहे, नुसती बिदरचीच नाही.

जानेवारीच्या ३० तारखेला ‘सदे’चा सण असतो, नवरोजला पन्नास दिवस राहिले असताना. शहराबाहेरच्या बागेत झुडपांची डोंगराएवढी रास रचतात आणि सूर्य मावळताना पेटवतात. गर्दीत मुसलमान शेजारीही असतात. मला होळी आठवली, फक्त बोंब कुणी मारली नाही. मी मारणार होतो, ड्रायव्हरनं दंड धरला.

आपल्या भागात हलशीचं भूवराह-नरसिंहाचं मंदिर पडून आहे, देगावचं कमलनारायण बघायला कुत्रं फिरकत नाही, आणि तुम्ही इराणच्या मशिदी काय घेऊन बसलात?
(सही नसलेलं पत्र)

हलशीवर मी या सदरात तीनदा लिहिलंय. तुम्ही त्यावर एकदाही पत्र टाकलं नाही.

बमचा किल्ला भूकंपात गेला असं वाचलं. आपण त्याच्या आधी तिथं होतात. काय होतं आणि काय गेलं?
(निवृत्त ओव्हरसिअर, हुक्केरी)

साहेब, तुमच्या हुक्केरीत आदिलशाही घुमट आहेत, म्हणून तुम्हाला हे लवकर समजेल.

मी बमला १९९७ च्या वसंतात गेलो. केरमानहून जवळजवळ दोनशे किलोमीटर, खजुरांच्या बागांतून अचानक पिवळ्या मातीचं एक शहर उभं राहतं. सगळं कच्च्या विटांचं. पेंढा घालून तुडवलेली माती, उन्हात वाळवलेली. तट, बाजार, जामे मशीद, मोहरमची तकिया, घोड्यांच्या पागा, आणि सगळ्यांच्या वर खडकावर सुभेदाराचा वाडा. जगातली कच्च्या मातीची सर्वांत मोठी वास्तू म्हणायचे तिला. भिंतीला हात लावला की तळव्याला पेंढा टोचायचा. आमच्या मोल्डिंगच्या वाळूत बेंटोनाइट घालतो ते बांधून ठेवायला. इथं तेच काम पेंढा आणि चिकणमाती करत होती, शेकडो वर्षं. मशिदीत सावली आणि गारवा इतका होता की आम्ही दोघं तिथंच भिंतीला टेकून झोपलो.

२६ डिसेंबर २००३, पहाटे साडेपाचच्या सुमाराला. ६.६ तीव्रता. सव्वीस हजारांवर माणसं गेली, बहुतेक अंथरुणात. किल्ला जवळजवळ सगळा ढासळला, पण माणसं मेली ती किल्ल्यात नव्हे, आजूबाजूच्या राहत्या घरांत. जाड मातीच्या भिंती, वर जड छपरं. आपल्याकडं ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला हेच झालं होतं, दगड-मातीच्या रुंद भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. तिथं वेळही पहाटेचीच होती. कच्ची वीट मेली तर तिची माती होते, मधे पोकळी राहत नाही, आत अडकलेल्याला हवा मिळत नाही. हे मी त्या डिसेंबरात पेपर वाचता वाचता समजून घेतलं आणि मग ती मशिदीतली झोप आठवून अंगावर काटा आला.

ड्रायव्हरची बहीण बमला दिलेली होती. मी त्याला पत्र टाकलं, इंग्रजीत, सोपं सोपं. दीड महिन्यानं उत्तर आलं, त्याच्या मुलानं लिहिलेलं. बहीण वाचली होती, तिची सासू आणि दोन पोरं नव्हती. खाली बापानं स्वतःच्या हातानं एक ओळ फारसीत लिहिली होती. शहापुरातल्या एका मौलवींकडून वाचून घेतली. ‘खजुराची झाडं उभी आहेत,’ एवढंच.

किल्ला २००४ साली जागतिक वारशात आणि त्याच वेळी धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेला. डागडुजी होत गेली, २०१३ साली धोक्याच्या यादीतून नाव निघालं. नव्या विटांतही पेंढाच घातलाय. तुम्ही ओव्हरसिअर होता, तुम्हाला विचारतो, जुनं जसं होतं तसं पुन्हा उभं करावं, की पडलंय ते पडलेलंच राखावं? कळवा. पुढच्या अंकात छापू.

जायचं झालं तर कधी जावं, आणि केरमानची मिठाई कुठली?
(शहापूरच्या भिशी मंडळातल्या आठ जणी)

आठ जणी निघाल्या असाल तर आधी आपल्या परराष्ट्र खात्याची ताजी सूचना वाचा, दिवस सरळ नाहीत. काळ बरा असेल तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. लूतकडं उन्हाळ्यात नाव काढू नका. डोक्याला रुमाल लागेल. बोलायची काळजी नको. बाजार, दुकान, दरवाजा, हवा, गरम, बाकी, खर्च हे सगळे शब्द तिकडूनच आपल्याकडं आलेत. उच्चार जरा लांबवा, काम होतं. गंजअली खानाच्या चौकात हमाम आहे, तिथं न्हाणाऱ्यांचे मेणाचे पुतळे बसवलेत, बघून हसू येईल. त्यालाच लागून बाजार.

मिठाई म्हणजे ‘कुलुम्पे’. मैद्याची पारी, आत खजूर आणि अक्रोडाचं सारण, त्यात वेलदोडा. आपल्या साटोरीची चुलतबहीण. वरून नक्षीचा लाकडी शिक्का दाबतात. शिक्का बघितल्यावर माझ्यातला पॅटर्नवाला जागा झाला. बाजारातल्या सुतारानं शिक्का उलटा-सुलटा फिरवून दाखवला. कडेला उतार दिलेला, साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून आम्ही देतो तसाच. मी एक विकत घेतला. तो घरी आहे, संक्रांतीला हिनं एकदा गुळाच्या पोळीवर दाबून बघितला, पण पोळी पातळ, नक्षी उठली नाही. सारण मात्र जमतं. अर्धा किलो काळा खजूर, मूठभर अक्रोड, वेलदोडा सढळ हातानं. साखर अजिबात घालू नका.